घरी परतल्यानंतरचे उपचार
(वार्षिक सभेतील भाषणाचा मजकूर)



व्यसनमुक्ती विभागाच्या वतीने आम्ही आज आपले लक्ष एका दूरदेशीच्या अनुभवाकडे वेधू इच्छितो. तो अनुभव कॅनडातील आहे. परंतु रुग्ण घरी परतल्यावर पुढे काय, हा त्यातील प्रश्न येथे बसलेल्या अनेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे.

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या उत्तर भागात मूळनिवासी समाजाच्या विखुरलेल्या वस्त्या आहेत. ‘निश्नॉबे अस्की नेशन’ या संघटनेत अशा ४९ समुदायांचा समावेश होतो. त्यांपैकी बहुतेकांना बारमाही रस्ता नाही. एरवी विमान, आणि कडक हिवाळ्यात बर्फावरून काढलेली तात्पुरती वाट, एवढीच साधने. मुलांना आईवडिलांपासून तोडून निवासी शाळांत ठेवण्याचे सरकारी धोरण या समाजाने अनेक पिढ्या सोसले. त्या दुःखात अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाची भर पडली. २००९ साली संघटनेने या प्रश्नावर आणीबाणी जाहीर केली.

उपचारांसाठी दूरच्या शहरात जायचे, तर मुले कोणाकडे ठेवायची, हा पहिला प्रश्न. परत यायचे ते त्याच घरात, त्याच सोबत्यांमध्ये. शिवाय यात एक वैद्यकीय धोका आहे. काही आठवडे नशा थांबली की शरीराची ती पचवण्याची क्षमता घटते. अशा वेळी रुग्णाने पुन्हा पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास बंद पडून मृत्यू ओढवू शकतो. म्हणजे पाठपुराव्यावाचून केलेली विषमुक्ती जिवावरही बेतू शकते.

नॉर्थ कॅरिबू लेक या वस्तीने उपचारच गावात आणले. व्यसनाची ओढ आणि नशा सुटतानाचा त्रास आटोक्यात ठेवणारे ब्युप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोन हे औषध गावातच मिळू लागले. त्याच्या जोडीला समुपदेशन आणि समाजाच्या परंपरेतील उपचारपद्धती होत्या. १४० जण आपणहून पुढे आले. २०१५ साली ‘कॅनेडियन फॅमिली फिजिशियन’ या नियतकालिकात त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानुसार एका वर्षात पोलिसांत नोंदले जाणारे गुन्हे ६१ टक्क्यांनी, तर बालसंरक्षणाची प्रकरणे ५८ टक्क्यांनी घटली. शाळेतील उपस्थिती ३३ टक्क्यांनी वाढली. गावातील दुकानाची विक्रीही जवळजवळ २० टक्क्यांनी वाढली. हे एकाच वस्तीचे आकडे आहेत, हे ध्यानात ठेवावयास हवे. तरीही किती रुग्ण ‘बरे’ झाले एवढेच न मोजता मुले शाळेत गेली का, घरात धान्य आले का, हे तेथे पाहिले गेले, याचे आम्हांस मोल वाटते.

आपल्याकडे मुख्य प्रश्न दारूचा आहे. त्यावरील औषधे निराळी, परिस्थितीही निराळी. मात्र रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचे पहिले काही महिने सर्वांत निसरडे असतात, हे येथेही तितकेच खरे आहे. त्या काळात घरभेट देणारा कार्यकर्ता, गावाजवळ भरणारी स्वमदत गटाची बैठक, पत्नीचे व आईचे म्हणणे ऐकून घेणारा समुपदेशक यांची गरज असते.

देणगीदारांना आमची नम्र विनंती आहे. खाटा आणि इमारत डोळ्यांना दिसतात. त्यांवर देणाऱ्याचे नाव कोरता येते. कार्यकर्त्याचे मानधन आणि एसटीचे भाडे यांवर ते कोरता येत नाही. तरीही आपल्या दानातील काही वाटा या कामासाठी राखून ठेवावा. विश्वस्त मंडळाने अंदाजपत्रकात पाठपुराव्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी. आणि आप्तेष्टांनी, रुग्ण पुन्हा घसरला तर त्याला लपवून न ठेवता, लाज न बाळगता, लगेच आमच्याकडे घेऊन यावे. त्याच्यासाठी दार उघडे ठेवणे हे आम्ही आमच्या कामाचाच भाग मानतो.