वजनकाटा बाहेर ठेवा



पनवेलच्याच एका बाईला मानसोपचारकांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद दिलेत, आभारी आहे. वासुदेव बळवंत फडक्यांचे शिरढोण इथून जवळच. तेव्हा थोडी बंडाची भाषा चालवून घ्या.

मला ऑनलाइन मानसोपचाराचा आढावा घ्यायला सांगितले आहे. तो उरकते. मार्च २०२०मध्ये केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ऑक्टोबर २०२२मध्ये टेली-मानसची १४४१६ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू झाली. ताबा सुटून खाण्याचा विकार, म्हणजे 'बिंज ईटिंग', २०१३च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानसूचीत स्वतंत्र निदान ठरला. ब्रिटनच्या पॉल गिल्बर्ट यांनी घडवलेली करुणाकेंद्री उपचारपद्धती आता त्यासाठीही वापरतात. झाला आढावा.

माझे भांडण वजनकाट्याशी आहे, आणि ते जुने आहे.

जाड माणूस आला की आधी काट्यावर चढवायचा. बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा आकडा वाचायचा. 'जिभेवर ताबा नाही का?' म्हणायचे आणि डाएटचा कागद हातात द्यायचा. तो माणूस दुसऱ्या दिवशी शरमेने उपाशी राहतो आणि रात्री घर निजल्यावर ओट्याशी उभा राहून, चवही न घेता, पोट दुखेपर्यंत खातो. सकाळी शरम दुप्पट, म्हणून पुन्हा उपास. या चक्राला लागणारी शरम आपण पुरवतो.

ऑनलाइन उपचाराने लोकलचा प्रवास वाचला, हे खरेच. पण मोठी गोष्ट अशी, की समोर काटा राहिला नाही. मग आपण काय केले? 'दर सोमवारी काट्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा' असा नियम काढला!

सकाळच्या सत्रात कॅमेरा सुरू हवाच की नको, यावर वाद रंगला. उरणकडची एक मुलगी कित्येक आठवडे कॅमेरा बंद ठेवून माझ्याशी बोलत होती. पडद्याच्या कोपऱ्यातला स्वतःचा चेहरा तिला सोसत नव्हता. मी आग्रह धरला नाही. एका दुपारी तिने आपणहून कॅमेरा लावला. पुढ्यात तांदळाची भाकरी आणि कालवण होते. 'मॅडम, आज कुणासमोर तरी जेवायचंय,' म्हणाली. माझ्यापुरता तो वाद तिथेच मिटला.

करुणाकेंद्री उपचारावर एक आक्षेप असतो : करुणा म्हणजे लाड, स्वतःला माफ करायला शिकवले तर माणूस जास्तच खाईल. क्लेअर अ‍ॅडम्स आणि मार्क लिअरी यांचा २००७चा प्रयोग उलटे सांगतो. डाएटचे बंधन पाळणाऱ्या स्त्रियांना आधी डोनट खायला दिला. 'यात स्वतःला दोष देऊ नका' असे ज्यांना सांगितले, त्यांनी नंतर समोर ठेवलेला खाऊ कमी खाल्ला. पण मला प्रयोगाहून माझा ट्रेलरचालक अधिक पटतो. पाळी संपवून मध्यरात्री घरी येऊन तो खात सुटायचा. बरोबरच्या पोऱ्याचे असे झाले तर त्याला काय सांगशील, तेच स्वतःला व्हॉइस मेसेजमध्ये सांग, म्हटले. लाजत लाजत त्याने सांगितले. त्यानंतर शिक्षा म्हणून दुपारचा डबा न खाता परत आणणे त्याने थांबवले, आणि ज्या दिवशी दुपारी जेवला त्या रात्री ओट्याकडे वळला नाही. याला लाड म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

मधुमेह, हृदयविकार असेल तर वजन बघावेच लागते. ते फिजिशियनने बंद खोलीत, आवाज न करता बघावे. एकदा येऊन, काट्यावर चढून, पुन्हा कधी न फिरकलेली माणसे मला अजून आठवतात. त्यांची नोंद कुणाच्याच शोधनिबंधात नाही.

पुढची कामे अनेक आहेत. करुणाकेंद्री पद्धतीचे व्यायाम मराठीत ध्वनिमुद्रित व्हावेत, घरात बोलायला बंद खोली नसलेल्यांचाही विचार व्हावा. तरुणांनी समिती नेमावी, मी मागे उभी आहे.

पण उद्याचे काम समितीवाचून होते. तो सोमवारचा फोटो मागणे बंद करा आणि दवाखान्यातला काटा दारातून हलवा.