मी नेमबाजी शिकते

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्धापनदिनाला मी असते ती आतल्या खोलीत, मसालेभाताच्या पातेल्याजवळ. व्यासपीठावर उभे राहून सांगावे असे माझ्याजवळ काही आहे, असे मला कधी वाटले नव्हते. पण मागच्या भिशीच्या वेळी माझ्या पिशवीतून एक जाड कागद खाली पडला. त्यावर काळे वर्तुळ आणि वर्तुळाला भोके! "अहो, हे काय?" म्हणून सगळ्या हसल्या. मी खरे ते सांगितले, तेव्हा त्या आणखीनच हसल्या, आणि चिटणीसबाईंनी तिथल्या तिथे हुकूम सोडला की ह्या वर्षी तुम्हीच बोलायचे. हुकूम मोडण्याची आपल्या मंडळात पद्धत नाही, म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

तर गोष्ट अशी की, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी एका नेमबाजी क्लबाची सभासद झाले. जानेवारी 2025 मध्ये, संक्रांतीची हळदीकुंकवे आटोपल्यावर, मी अर्ज भरला. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तर तो म्हणाला, "मावशी, नातवाला आणायला जायचं व्हय?" मी "होय" म्हणून मोकळी झाले. पहिल्या दिवशी मीच खोटे बोलले, हे आधी कबूल करते.

तुमच्यापैकी पुष्कळजणींनी विचारले, "आता ह्या वयात बंदूक कशाला? चोर मारायचेत की काय?" बायांनो, माझ्या घरी पिस्तूल नाही. ते क्लबाचे असते आणि क्लबातच राहते. दाबलेल्या हवेवर ते चालते. त्यातून सुटतो तो साडेचार मिलीमीटरचा शिशाचा छर्रा, कमरेत बारीक, डमरूसारखा. दहा मीटरांवर कागद लावलेला असतो. त्यावरचे काळे वर्तुळ लहानशा पुरीएवढे, आणि मधला दहा गुणांचा गोल सदऱ्याच्या गुंडीएवढा, म्हणजे साडेअकरा मिलीमीटरांचा. त्या गुंडीला छर्रा लावायचा, एवढाच हा खेळ. त्यात कुणाला मारायचे नाही, कुणाला हरवायचेही नाही. निदान माझ्यासारखीला तरी नाही.

आमच्या शिक्षिका चोवीस-पंचवीस वर्षांच्या आहेत. मला त्या 'काकू' म्हणतात आणि मी त्यांना 'बाई' म्हणते. पहिले दोन दिवस त्यांनी मला पिस्तूल हातात धरू दिले नाही, नियम पाठ करायला लावले. पिस्तूल रिकामे आहे हे ठाऊक असले तरी ते भरलेलेच समजायचे. नळीचे तोंड सदैव कागदाकडे. नेम धरून तयारी होईपर्यंत बोट चापाबाहेर. "थांबा" म्हटले की त्या क्षणी थांबायचे आणि पिस्तूल उघडून खाली ठेवायचे. समोर कुणी कागद बदलायला गेले असेल तर पिस्तुलाला हातसुद्धा लावायचा नाही. आणि घरी जाण्यापूर्वी साबणाने हात धुवायचे, कारण छर्रा शिशाचा असतो. मला वाटले, स्वयंपाकघराला इतके नियम असते तर निम्म्या भाजण्या-कापण्या टळल्या असत्या.

मग माझ्या अडचणी सुरू झाल्या. साडी चालेल का, असे मी भीतभीत विचारले. बाई म्हणाल्या, "चालेल काकू, फक्त पदर घट्ट खोचा आणि चपला सपाट घाला." उजव्या हातातल्या बांगड्या किणकिणत आणि मनगटावरून घसरत, म्हणून त्या डाव्या हातात चढवल्या. पिस्तूल एकाच हाताने धरायचे असते. दुसरा हात मुली पँटच्या खिशात घालतात. मला खिसा कुठला? मी अंगठा कमरेला खोचते.

सगळ्यांत मोठी अडचण चष्म्याची. नळीच्या टोकावर एक बारीक उंचवटा असतो आणि मागे एक खाच. खाचेच्या बरोबर मध्ये उंचवटा दिसला पाहिजे, आणि दोघांची डोकी एका रेषेत. मी आपली डोळे ताणून समोरचे काळे वर्तुळ पाहत होते. बाई म्हणाल्या, "काकू, वर्तुळ पुसट दिसू द्या. जे तुमच्या हातात आहे ते स्पष्ट दिसलं पाहिजे." माझ्या दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून ते जमेना. मान वर केली की एक दिसे, खाली केली की दुसरे. शेवटी त्या अंतरापुरता वेगळा चष्मा करून घेतला.

पहिल्या दहा छर्ऱ्यांपैकी माझ्या कागदाला चार लागले. एक शेजारच्या मुलीच्या कागदावर गेला. तिने तो मोजून आणून दिला आणि म्हणाली, "आज्जी, तुमचा सात गुणांचा होता, पण माझ्या कागदावर." पिस्तुलाचे वजन किलोभर. किलोभर साखर आपण रोज उचलतो, पण हात ताठ लांब करून ती धरून पाहा म्हणजे कळेल. म्हणून घरी रोज सकाळी पाण्याची बाटली घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहते. आमचे हे म्हणतात, "भिंतीचा काय अपराध झाला?"

आता मी का गेले, ते सांगते. हे सांगण्यासाठीच खरे म्हणजे मी उभी राहिले आहे.

1994 साली माझी थोरली मुलगी अकरावीला होती. कॉलेजात एन. सी. सी. मध्ये होती. तिथे त्यांना पॉइंट टू टू रायफल देत आणि जमिनीवर पालथे पडून 25 मीटरांवर नेम धरायला शिकवीत. एके दिवशी ती धावतच घरी आली. तिच्या पाच गोळ्या इतक्या जवळजवळ लागल्या होत्या की वरून काडेपेटी ठेवली तर सगळी भोके झाकून जात. पुढच्या शिबिरासाठी तिची निवड झाली होती. परगावी दहा दिवस राहायचे होते. पालकांच्या सहीचा कागद तिने माझ्यापुढे ठेवला.

सासूबाईंनी मोडता घातला, असे मी इतकी वर्षे सांगत आले. ते खरे नाही. सासूबाई त्या वेळी धाकट्या दिरांकडे होत्या. ह्यांनीही "तुझी आई म्हणेल तसं" म्हणून सांगितले होते. नाही म्हटले ते मी. तिच्या खांद्यावर रायफलीच्या दस्त्याचा निळसर वळ होता, तो पाहिला आणि मनात आले, उद्या लग्नाच्या बोलण्यात कुणी विचारले तर काय सांगायचे? मी शिबिर कुठे आहे, बरोबर कोण बाई आहेत, काहीसुद्धा विचारले नाही. क्षणभरही थांबले नाही. "पोरीच्या जातीला हे शोभत नाही" असे म्हणून कागद परत केला. तिने तो घडी करून वहीत ठेवला आणि पुन्हा रायफलीचे नाव काढले नाही.

कावळा नाक्यावरून जाताना आपण घोड्यावरच्या ताराराणींकडे मान वर करून अभिमानाने बघतो. मीही बघत असे. पण घरच्या मुलीने सहीचा कागद पुढे केला तेव्हा माझी मान खाली होती.

पुढे ह्याच आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला 50 मीटर रायफलीच्या प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. नेमबाजीत जगज्जेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. प्रोन म्हणजे पालथे पडूनच. वर्तमानपत्रातला फोटो मी पाहिला आणि पान उलटले. 2018 मध्ये राही सरनोबतांनी आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हाही मी घरात काही बोलले नाही. मग 1 ऑगस्ट 2024 ला, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे ह्यांना पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळाले. गावात फटाके वाजत होते. पुण्याहून मुलीचा फोन आला. "आई, बघतेयस ना?" म्हणाली. मी "हो" म्हटले. मग दोघीही काही बोललो नाही. फोन मात्र बराच वेळ कुणी ठेवला नाही.

ती रात्र मला झोप लागली नाही. ज्या गोष्टीला मी एका शब्दात नाही म्हटले, ती गोष्ट मी आयुष्यात एकदा डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती. मग आधी ती पाहावी, जमली तर करावी, असे ठरवले. धीर गोळा करायला संक्रांत उजाडली.

क्लबात मी शिकले ते एकच. हात वर केला की सात-आठ सेकंदांत पिस्तूल स्थिरावते. तेवढ्यात चाप हळूहळू, लोणी कापावे तसा दाबायचा. स्थिरावले नाही तर हिसका मारून उडवून टाकायचे नाही, खाली ठेवायचे. दोन श्वास घ्यायचे, पुन्हा उचलायचे. सुरुवातीला मला खाली ठेवायची लाज वाटे. उचलले ते उरकले पाहिजे, ही आपली जन्माची सवय. तव्यावरची पोळी अर्धी भाजून कुणी खाली ठेवते का? बाई म्हणाल्या, "काकू, न मारलेल्या छर्ऱ्याचे गुण कुणी कापत नाही. घाईने मारलेला मात्र परत येत नाही." त्या पोरीला माझी हकीकत ठाऊक नव्हती. मी हात धुवायला म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ नळापाशी उभी राहिले.

2025 च्या दिवाळीत मुलगी माहेरी आली. भाऊबीज झाल्यावर मी तिच्यापुढे माझा सर्वांत चांगला कागद ठेवला. दहा छर्रे, गुण 74. चांगल्या खेळाडू साठ छर्ऱ्यांत 600 पैकी 570 च्या पुढे जातात, तेव्हा माझे 74 म्हणजे बालवाडी. मी म्हटले, "तेव्हा मी सही करायला हवी होती. माझं चुकलं. आजीवर ढकललं, तेही चुकलं."

तिने कागद उचलला, उजेडात धरला. म्हणाली, "सगळे डावीकडे खाली जातायत. चाप ओढताना मनगट वळतंय तुझं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मला फार राग होता, आई. आता तेवढा नाही. पण सगळा गेला असं मी म्हणणार नाही."

मी म्हटले, "नको म्हणूस."

दुसऱ्या दिवशी बाईंची परवानगी घेऊन तिला बरोबर नेले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिने पुन्हा रायफल खांद्याला लावली. ह्या वेळी उभ्याने, हवेची. मी मागे बाकावर बसले होते. दहा छर्रे मारायला तिला अर्धा तास लागला, कारण ती पुष्कळदा खाली ठेवीत होती. गुण किती पडले ते मंडळात सांगू नकोस, असे तिने बजावले आहे. एवढे सांगते की कागद ती पुण्याला घेऊन गेली.

मैत्रिणींनो, तुम्ही सगळ्यांनी नेमबाजी शिकावी असा माझा आग्रह नाही. कुणाला यावेसे वाटले तर पुढच्या गुरुवारी माझ्याबरोबर चला, बाकावर बसून पाहा. पण तुमच्या मुलीने, सुनेने, नातीने उद्या एखादा कागद सहीसाठी पुढे केला, मग तो रायफलीचा असो, पोहण्याचा असो की गिर्यारोहणाचा, तर तिथल्या तिथे उत्तर देऊ नका. कागद एक दिवस देवापुढे ठेवा. ती जागा स्वतः जाऊन पाहा, शिकवणाऱ्यांशी बोला, नियम काय आहेत ते विचारा. मग हो म्हणा की नाही म्हणा. घाईने म्हटलेले 'नाही' परत घ्यायला मला एकतीस वर्षे लागली, आणि ते पुरते परत आलेले नाही.

 मसालेभात निवतो आहे, तेव्हा माझे दोन शब्द इथेच संपवते.