हिशेब मांडला की बोलता येते
(जालना येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून बैठक चालू आहे. कापसाचा भाव झाला, पीकविमा झाला, जळालेली रोहित्रे झाली. बोलले ते नेहमीचेच पाचसहा जण. मागच्या बाजूला पंचेचाळिशी-पन्नाशी ओलांडलेली माणसे बसली आहेत, या हाताला बाया बसल्या आहेत, आणि त्यांच्यातून एकही हात वर आला नाही. चहाच्या वेळी मी दोघातिघांना विचारले. उत्तर एकच आले, "आता या वयात काय बोलायचं? आम्हाला बोलता येत नाही." आज मला या उत्तरावरच बोलायचे आहे.

शरद जोशींचे नाव इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते शेतीत आले तेव्हा त्यांचे वय काय होते, हे कुणी मनात धरत नाही. जन्म १९३५चा. दहा वर्षे भारताच्या टपाल खात्यात अधिकारी, मग स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत नोकरी. ती सोडून परत आले आणि १९७७च्या सुमारास चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. म्हणजे वय एक्केचाळीस-बेचाळीस. घरात बायको, दोन मुली. गावाला हा माणूस खुळाच वाटला असेल!

आता कुणी म्हणेल, त्यांच्याजवळ शिक्षण होते, गाठीला पैसा होता. आमच्या गाठीला सोसायटीचे कर्ज आहे. खरे आहे. म्हणून नोकरी सोडल्याचे कौतुक मी सांगायला आलो नाही. त्यांनी पुढे काय केले ते बघा. त्यांनी स्वतः पीक घेतले, स्वतः बाजार पाहिला आणि पै-पैचा हिशेब ठेवला. बियाणे किती, मजुरी किती, वाहतूक किती, हातात पडले किती. त्या हिशेबातून त्यांना दिसले की शेतकरी आळशी नाही, अडाणी नाही. त्याचा खर्चच भावातून भरून निघत नाही. १९७९ साली संघटना उभी राहिली आणि १९८० साली चाकणला कांद्याचे आंदोलन झाले, ते या हिशेबाच्या जोरावर. पुढे लाख-लाख माणूस ज्यांना ऐकायला बसले, त्यांच्या भाषणात बहुतेक वेळा आकडेमोडच असायची. लोक ऐकत, कारण आकडे त्यांच्याच घरचे होते.

मायबहिणींचेही तसेच. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ला नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. लाखावर बाया आल्या. त्यांतल्या कितीजणी त्याआधी घराबाहेर चार माणसांत बोलल्या असतील? त्यानंतर लक्ष्मीमुक्तीचे काम निघाले. ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या बायकोच्या नावे जमीन करून देतील, त्या गावाला शरद जोशी जाणार, अशी अट होती. १९९२ साली शासनानेही परिपत्रक काढले, की नवऱ्याने अर्ज दिला तर सातबाऱ्यावर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावावे. आज या मंडपात किती जणांनी तो अर्ज दिला आहे? हात वर करा म्हणत नाही. आपली आपल्याला माहीत आहे.

आपल्या जिल्ह्यात गावोगाव अशा बाया आहेत की ज्यांचा धनी गेला, कुणाचा आजाराने, कुणाचा कर्जापायी. चाळिशीत त्यांना सगळे नव्याने मांडावे लागते. सोसायटीचे किती, सावकाराचे किती, कानातले कुठे गहाण पडले, हे त्यांना तेराव्याला कळते. वीस वर्षे तिने सरकी टोबली, खुरपले, वेचले, ज्वारीची कणसे मोडली, पऱ्हाटी उपटली, आणि हिशेब मात्र तिला कुणी सांगितला नाही. मग तलाठ्यासमोर ती उभी राहते आणि दीर बोलतो. तिने बोलावे कशाच्या जोरावर? अशा बहिणीला आपण एवढे तरी सांगा: वारस नोंदीची खबर तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, आणि नवऱ्याच्या मालमत्तेत तिचा वाटा मुलांच्या बरोबरीचा आहे. तिच्या अर्जाबरोबर गावातली चार माणसे तलाठ्याकडे गेली तर बिघडत नाही.

आणखी एक. दिल्लीचा कृषिमूल्य आयोग हमीभाव सुचवताना घरच्या माणसांच्या कष्टाची किंमत खर्चात धरतो. पुरेशी धरतो का, यावर आपले भांडण जुने आहे. पण आपल्या घरच्या वहीत ती किती धरली जाते? शून्य! मजुराने वेचलेला कापूस आपण किलोवर मोजून पैसे देतो. बायकोने वेचलेला फुकट. अशा अर्धवट हिशेबावर मोंढ्यात जाऊन काय बोलणार? व्यापारी म्हणतो ओल आहे, कवडी आहे, आणि क्विंटलमागे कापतो. आपण मान हलवतो, कारण आपल्याला किती पडला हे आपल्यालाच ठाऊक नसते. ज्याला ठाऊक असते तो निदान, "एवढ्यात परवडत नाही, कारण हे", असे म्हणू शकतो. भाव लगेच वाढेल असे मी म्हणत नाही. पण त्या माणसाला गप्प बसवणे अवघड जाते.

तेव्हा पुढच्या बैठकीचा कार्यक्रम असा. प्रत्येक गावातून एका कोरडवाहू एकराचा हिशेब वहीत लिहून आणावा. कापूस असो की ज्वारी. घरच्या माणसांचे दिवस त्यात वेगळे लिहावेत आणि गावातल्या चालू रोजाने त्यांची किंमत लावावी. ज्वारीच्या कडब्याचे पैसे जमेला धरायला विसरू नये, नाहीतर विरोधक तेवढेच धरून बसतात. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून, नातवाकडून लिहून घ्यावे. सांगायला मात्र चाळिशीपुढच्या माणसानेच उभे राहायचे, आणि निम्म्या गावांकडून बाईने. घरात बसून महिलांना हा हिशेब एकमेकींत बोलायचा असेल तर ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, तिथे तो पहिल्यांदा मांडून पाहावा. अडखळले तरी कुणी हसायचे नाही. आम्ही पुढे बसणाऱ्यांनी तोवर बोलायचे नाही. परतूर आणि मंठ्याच्या मंडळींना परतीची गाडी गाठायची असते, म्हणून त्यांना आधी बोलू द्यावे.