उल्व्हा : समुद्रांतील हिरवें शेवाळ

अमरावती-अकोल्याच्या घरांत बसून समुद्रांतील शेवाळाची हकीकत ऐकावयाची, हें कांहींसें चमत्कारिक वाटेल. परंतु आपली पूर्णा तापीला मिळते, तापी सुरतेपुढें अरबी समुद्राला. त्या समुद्राशीं आपला संबंध आहेच.

ओहोटीच्या वेळीं कोंकणच्या खडकांवर हिरव्या रेशमी चिंध्यांसारखें जें पसरलेलें दिसतें, तें उल्व्हा. त्याला खरें मूळ नाहीं, खोड नाहीं. खडकाला धरून राहण्यापुरता तळाशीं आधार, आणि वर केवळ दोन पेशींच्या जाडीचा पडदा. त्याच्या दोन प्रकारच्या पिढ्या आळीपाळीनें येतात. एक पिढी चार शेपट्यांचे बीजाणु सोडते, दुसरी दोन शेपट्यांच्या जननपेशी; दिसावयास मात्र दोन्ही सारख्याच!

लिनीअसनें १७५३ सालीं या प्रजातींत सपाट व नळीसारख्या अशा दोन्ही जाती घातल्या होत्या. १८२० सालीं लिंक या जर्मन शास्त्रज्ञानें नळीसारख्या जाती वेगळ्या काढून त्यांस एंटेरोमॉर्फा हें नांव दिलें. १८३ वर्षांनीं, २००३ सालीं, आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षेवरून ठरलें कीं, दोन्ही एकाच प्रजातीच्या आहेत. आकारानें फसविलें होतें. तो आकारहि उल्व्हाचा एकट्याचा नव्हे; विशिष्ट जंतूंची सोबत नसेल, तर त्याचा पडदा न बनतां पेशींचा विस्कळित पुंजका होतो.

हा वाद केवळ पंडितांचा नाहीं. २००८ सालीं चीनमधील चिंगदाओ येथें ऑलिंपिकच्या नौकाशर्यतींपूर्वीं समुद्र हिरव्या शेवाळानें झांकून गेला. ती जाति पूर्वीं एंटेरोमॉर्फा म्हणून ओळखली जाई. तिची जुनी माहिती शोधावयाची तर दोन्ही नांवें ठाऊक हवींत. फ्रान्समधील ब्रिटनीच्या किनाऱ्यावर कुजणाऱ्या उल्व्हांतून विषारी वायु निघतो; २००९ सालीं तेथें एक घोडा मेला. तेथील वाढीचें मुख्य कारण म्हणजे शेतांतून वाहून आलेलें नत्र.

ब्रिटनीच्या शेतकऱ्यांनीं समुद्रांत कांहीं टाकलें नव्हतें. खत शेतांतच टाकलें होतें. पिकाला न लागलेलें नत्र पावसाबरोबर नाल्यांत उतरतें, नाल्यांतून नदींत जातें. म्हणून पूर्णेच्या कांठीं खताचें पोतें फोडण्यापूर्वीं जमिनीस खरोखर किती हवें, हें पाहिलें पाहिजे. त्यांत आपल्या पैशाची बचत आहे, आणि न पाहिलेल्या समुद्राचें रक्षणहि.