लिव्हर, शिरा आणि माझी सही
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुम्ही आरोग्यावर बोला." मी बँकेतला माणूस, डॉक्टर नव्हे. पण तीन वर्षांपूर्वी रात्री दोन वाजता मला रक्ताची उलटी झाली आणि बी विंगच्या चार मुलांनी खुर्चीत बसवून मला खाली उतरवलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुढे लिफ्टपाशी कुणीतरी हिला हळूच विचारलं, "काका घेत होते का हो?" त्याचं उत्तर आज जाहीर देतो. आयुष्यात एक थेंब घेतलेला नाही. मला २० वर्षं मधुमेह, त्यात पोट सुटलेलं. लिव्हरमध्ये चरबी साठली, सूज आली आणि हळूहळू ते निबर झालं. यालाच सिरॉसिस म्हणतात. दारूने होतो, हिपॅटायटिस बी आणि सीमुळे होतो, आणि असाही होतो.

मग रक्ताची उलटी का? जठर, आतडी, प्लीहा यांचं रक्त एका मोठ्या शिरेतून लिव्हरकडे जातं. लिव्हर निबर झालं की ते सहज आत शिरत नाही. आपली ड्रेनेजची मेन लाइन तुंबली तेव्हा तळमजल्याच्या मोऱ्यांतून पाणी उलटं वर आलं होतं ना, तसंच. रक्त मागे तुंबतं, आडवाटा शोधतं आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या बारीक शिरांत घुसतं. त्या फुगतात. दुखत काहीच नाही, आणि एक दिवस फुटतात. याच दाबामुळे पोटात पाणी साठतं, प्लीहा वाढते, प्लेटलेट कमी होतात.

उलटीच्या आधी दोन दिवस मला शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होत होतं. ते आत गळलेलं रक्तच. मी म्हटलं, लोहाच्या गोळीने असेल. शिवाय गुडघ्यासाठी स्वतःच्याच मनाने दुखण्याच्या गोळ्या चालू होत्या, त्यांनीही रक्तस्राव वाढतो. तिथे मी चुकलो.

डॉक्टरांनी दुर्बिणीतून शिरांना चक्क रबर बँड लावले, काही आठवड्यांच्या अंतराने तीनदा. दाब उतरवायला प्रोप्रॅनोलॉलची गोळी चालू आहे. मीठ कमी, लोणचं बंद.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. गेल्या वर्षी माझा मेंटेनन्सचा चेक परत आला. कारण काय, तर सही जुळत नाही! ३५ वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या मी. दिवसा पेंगायचो, रात्री टक्क जागा, हात थरथरायचे; वाटलं, वय झालं. डॉक्टर म्हणाले, आतड्यात तयार होणारा अमोनिया लिव्हरने साफ करायचा, तो तसाच मेंदूपर्यंत पोचतोय. बद्धकोष्ठाने तो आणखी वाढतो. आता लॅक्टुलोजचं गोडमिट्ट पातळ औषध घेतो, दिवसातून दोन-तीनदा पोट साफ झालंच पाहिजे असा हुकूम आहे. (खजिनदारांनी दंड माफ केला, आभारी आहे.)

रोज सकाळी मी कागदावर एक सही करतो. ही ती आमच्या शेअर सर्टिफिकेटवरच्या सहीशी ताडून बघते. पहिला सेक्रेटरी मीच होतो, त्यामुळे ती सही तुमच्याही कपाटात असेल.