जुन्या मोटारसायकलीची तेलगळती



सातपुड्याच्या पायथ्याशीं, संग्रामपूर तालुक्यांत वसलेल्या आमच्या सोनाळ्यासारख्या गांवीं जुनी मोटारसायकल ही केवळ हौसेची वस्तु नसते. शेतावर जाणें, बाजारहाट करणें, रात्रीं-अपरात्रीं आजार्‍यास दवाखान्यांत नेणें, हीं कामें अजूनहि कांहीं घरीं तिच्याच पाठीवर होतात. अशा गाडीखालीं सकाळीं तेलाचा काळा डाग दिसला, कीं घरधनी म्हणतो, "जुनी गाडी, गळायचीच!" ही समजूत कितपत खरी, याचा आज थोडा विचार करूं.

उदाहरणासाठीं जावा ही गाडी घेऊं. झेकोस्लोव्हाकियांत १९२९ सालीं फ्रान्तिशेक यानेचेक यांनीं वांडरर या जर्मन कंपनीचा परवाना घेऊन हा उद्योग आरंभिला. यानेचेक व वांडरर या दोन नांवांच्या आरंभींच्या अक्षरांपासून 'जावा' हें नांव झालें. पुढें मुंबईचे रुस्तम इराणी यांनीं आयडियल जावा ही कंपनी काढली आणि १९६१ सालापासून म्हैसूर येथें या गाड्या तयार होऊं लागल्या. नंतर त्याच कारखान्याच्या गाड्या येझदी या नांवानें निघाल्या. १९९६ सालीं तो कारखाना बंद पडला. २०१८ सालीं जावा हें नांव पुन्हां बाजारांत आलें खरें. परंतु त्या गाडीचें इंजिन चार-ठोकी, निराळ्या जातीचें. त्याचे भाग जुन्या गाडीस बसत नाहींत. म्हणून जुन्या गाडीचें मूळ झांकण एकदां नासलें, तर त्याच्या तोडीचें दुसरें मिळणें कठीण. गळती थांबविण्याच्या घाईंत गाडीच नासूं नये, हेंच माझें आजचें मुख्य सांगणें आहे.

प्रथम रचना समजून घ्यावी. इंजिनाकडून क्लचकडे जाणारी आंतील चेन, क्लच आणि गिअर हीं तिन्ही एकाच तेलांत न्हातात. इंजिन दोन-ठोकी असल्यानें पेट्रोलांत मिसळावयाचें तेल निराळें आणि हें तेल निराळें. या तेलास बाहेर पडावयाच्या वाटा मोजक्याच आहेत: डाव्या झांकणाचें पॅकिंग, किकच्या दांड्याभोंवतालची जागा, तळचा ड्रेन नट आणि मागच्या चेनच्या लहान चाकामागील ऑइल सील. जावाची मागची चेन बंद खोळींत फिरते. त्यामुळें या शेवटच्या वाटेनें निघालेलें तेल खोळींत उतरतें आणि डाग भलत्याच जागीं पडतो.

यासाठीं इंजिनाचा तळ रॉकेलानें धुऊन फडक्यानें कोरडा करावा व त्यावर खडूची बारीक भुकटी फुंकावी. शिक्षकाच्या घरीं ती विकत आणावी लागत नाहीं! मग गाडी थोडी फिरवून आणून कागदावर उभी करावी. जेथें भुकटी सर्वांत आधीं आणि सर्वांत वर भिजेल, तेथें गळतीचें मूळ.

पाना उचलण्यापूर्वीं आणखी दोन गोष्टी पाहाव्या. तेल खुणेहून अधिक भरलें आहे काय? आणि पेटीस हवा जाण्यायेण्याचें बारीक छिद्र असल्यास तें चिखलानें बुजलें आहे काय? पेटी तापली म्हणजे आंतील हवा फुगते, आणि वाट न मिळाल्यास चांगल्या पॅकिंगमधूनहि तेल बाहेर ढकलते. अशा वेळीं एक सुई पुरते. मिस्त्री लागत नाहीं.

झांकणच गळत असेल, तर स्क्रू करकचून आवळूं नयेत. अॅल्युमिनियम मऊ असतें, आटे जातात. झांकण काढतांना फटींत पेचकस घालून उचकटूं नये. त्यानें पडलेली चीर कायमची गळते. लाकडी हातोडीनें हलकें ठोकावें आणि जुनें पॅकिंग लाकडाच्या चपट्या कांडीनें खरवडावें. सपाट जाड कांचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून झांकणाची कड त्यावर फिरविली, म्हणजे उंचवटे उघड दिसतात. नवें पॅकिंग बसवून समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळावे.

तळच्या नटाचा तांब्याचा वायसर वारंवार दाबला जाऊन कठीण होतो. तो लाल तापवून पाण्यांत बुडवावा. पोलाद अशानें कठीण होतें, तांबें मात्र मऊ होतें. ऑइल सील बदलतांना दांड्यावर नख फिरवून पाहावें. तेथें चर पडली असेल, अगर बेअरिंग झिजून दांडा डुलत असेल, तर कितीहि नवीं सीलें घाला, तीं गळणारच.

आतां न दिसणारी गळती. पेटींतील तेल घटतें, पण जमिनीवर थेंब नाहीं. उलट सायलेन्सरमधून दाट पांढुरका धूर निघतो. क्रँकच्या डाव्या बाजूचें सील निकामी झालें, कीं इंजिनाच्या ओढीनें गिअरचें तेल आंत शिरून जळतें. दाबाच्या वेळीं पेट्रोलहि गिअरपेटींत उतरतें; तेल पातळ होतें व त्यास पेट्रोलचा वास येतो. पुष्कळ लोक रिंगा गेल्या असें समजून सिलिंडर बोअर करून आणतात. पैसे जातात, धूर राहतो. आधीं पातळी मोजून तेलाचा वास घेतला असता, तर हा खर्च वांचता.

या गळतीची उपेक्षा करूं नये. तेलावांचून चाललेले गिअर झिजतात आणि एखादे वेळीं भर वेगांत अडकून मागचें चाक जागींच रोखतात. मागें बसलेलें माणूस आपल्याच घरचें असतें. काढलेलें जुनें तेलहि नाल्यांत अगर विहिरीजवळ ओतूं नये. डब्यांत सांठवून गॅरेजवाल्यास द्यावें.

सारांश, गळती हा म्हातारपणाचा अटळ भोग नव्हे. तिला कारण असतें आणि तें सांपडतें. आधीं धुवावें, मग पाहावें, आणि पाना सर्वांच्या शेवटीं उचलावा. या क्रमानें चालणार्‍याच्या हातीं जुनी गाडी आणखी पुष्कळ वर्षें चालेल, इतकें सांगून मी आपली रजा घेतों.