कुमारवय, बंधुभाव आणि एक कादंबरी

रामायणात भावांच्या जोड्या अनेक आहेत. राजवाडा सोडून वनात जाणारा लक्ष्मण आहे, पादुका मस्तकी घेऊन परतणारा भरत आहे. आणि त्याच कथेत वाली-सुग्रीव आहेत, रावण-बिभीषणही आहेत. परंतु हे सारे भाऊ श्रोत्यांसमोर येतात ते बहुधा प्रौढ होऊन. त्यांचे स्नेह आणि त्यांची वैरे पक्की झाल्यावर कथा त्यांना हाती घेते. वस्तुतः भावाभावांचे नाते घडते किंवा बिघडते ते त्याच्या पुष्कळ आधी. एका खोलीत निजणारी, एकाच ताटातले खाणारी, एकाच बापाच्या आवाजाला दचकणारी दोन मुले बारा ते अठरा या वयात परस्परांकडे कोणत्या दृष्टीने पाहू लागतात, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

या वयाकडे साहित्याचे लक्ष उशिरा गेले. मराठीत साने गुरुजींचा श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून नेतो, तो प्रसंग पिढ्यान् पिढ्या वाचला गेला आहे. पण 1935 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकात आईच्या संस्काराचे छत्र सतत डोक्यावर आहे. ज्या घरात ते छत्रच नाही, तेथील भावांचे काय होते? अमेरिकेत एस. ई. हिंटन या विद्यार्थिनीने पंधरा-सोळाव्या वर्षी हाच प्रश्न हाती घेतला, आणि 1967 साली तिची 'द आउटसायडर्स' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. आईबापांवाचून राहणाऱ्या तीन भावांची ती कथा कुमारांच्या साहित्यातील एका नव्या वळणाचा आरंभ मानली जाते. त्या प्रश्नाचे भारतीय रूप ज्याला पाहावयाचे आहे, त्याने अरविंद अडिग यांची 'सिलेक्शन डे' ही 2016 सालची इंग्रजी कादंबरी अभ्यासावी.

ही कादंबरी कुमारांसाठी म्हणून लिहिलेली नाही. तथापि तिचे नायक कुमार आहेत, आणि तिच्यातील दुःख कुमारवयाचे आहे. बंगळूरमधील मराठी वाचकाला तर तिचे वाचन विशेष अर्थपूर्ण ठरावे. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून, म्हणजे सतराव्या शतकापासून, या नगरात मराठी माणसांची वस्ती आहे. अलीकडच्या तीन-चार दशकांत संगणकाच्या व्यवसायामुळे पुण्यामुंबईची असंख्य कुटुंबे तेथे गेली. त्यांची मुले घरी मराठी, रस्त्यावर कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलतात. अडिगांच्या कादंबरीतील भाऊ नेमके उलट दिशेने गेलेले आहेत. पश्चिम घाटाच्या पायथ्याशी असलेल्या कर्नाटकातील एका खेड्यातून त्यांचा बाप मुंबईला येतो आणि दहिसरच्या झोपडपट्टीत संसार मांडतो. एकाने जे शहर सोडले, त्या शहराची वाट दुसऱ्याने धरली. स्थलांतराचा हा आरसा हाती असला, की परक्या भाषेतील पुस्तकही घरचे वाटू लागते.

स्वतः लेखकाला हा प्रवास अपरिचित नाही. अडिगांचा जन्म 1974 साली मद्रास येथे झाला आणि बालपण मंगळूरला गेले. पुढे ते ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत आणि इंग्लंडात शिकले. 2008 साली ज्या 'द व्हाइट टायगर' कादंबरीने त्यांना बुकर पारितोषिक मिळवून दिले, तिचा निवेदक बलराम बंगळूरलाच बसून आपली कहाणी लिहितो. धन्याचा खून करून पळालेला हा मनुष्य तेथे मोटारगाड्यांचा धंदा उभारतो. त्याच्याही मागे एक थोरला भाऊ आहे. किशन गावातच राहिला, घरासाठी राबला. आणि बलरामच्या सुटकेची किंमत गावाकडच्या माणसांना बहुधा प्राणांनी द्यावी लागली असेल, ही जाणीव कथेत अखेरपर्यंत सलत राहते. म्हणजे एक सुटला की दुसऱ्याचे काय, हा प्रश्न अडिगांनी आधीही विचारलेला होता. 'सिलेक्शन डे'मध्ये त्यांनी तो कुमारवयात नेऊन विचारला.

कथा थोडक्यात अशी. मोहन कुमार हा चटणी विकणारा बाप. पत्नी घर सोडून गेलेली. राधाकृष्ण आणि मंजुनाथ, म्हणजे राधा आणि मंजू, हे त्याचे दोन मुलगे. राधा जगातला सर्वोत्तम फलंदाज होणार आणि मंजू दुसऱ्या क्रमांकाचा, असे बापाने ठरविले आहे. नव्हे, कुलदैवत सुब्रह्मण्याशी जणू तसा करारच केला आहे. त्यासाठी मुलांच्या आहारावर, निद्रेवर आणि देहावर त्याची करडी नजर असते. कोवळ्या वयात दाढी करणे, मोटार चालविणे ही त्याच्या मते अधःपाताची दारे. पुढे टॉमी सर या नावाने ओळखला जाणारा एक वृद्ध पारखी या मुलांना हेरतो. त्याच्या मध्यस्थीने आनंद मेहता नावाचा धनिक दरमहा पैसे देऊ लागतो; त्याबदली मुलांच्या भावी मिळकतीत त्याचा वाटा ठरतो.

एवढ्यावर कथा थांबती तर ती लोभाची एक सामान्य गोष्ट झाली असती. पण निसर्ग करार मानीत नाही. राधाचे शरीर वाढते, आणि त्या वाढीबरोबर त्याच्या फलंदाजीत दोष शिरतो. मंजू मात्र पुढे निघतो. ज्या धाकट्याने दुसरे यावयाचे, तोच पहिला येऊ लागतो. गंमत अशी, की मंजूला क्रिकेटची ओढ फारशी नाही. त्याचे चित्त विज्ञानात आहे. गुन्ह्याचा शास्त्रीय शोध लावणारी दूरचित्रवाणीवरील मालिका त्याला भुरळ घालते. ज्याला खेळ हवा त्याच्या हातून तो निसटतो, आणि ज्याला नको त्याच्या गळ्यात पडतो. राधाचा राग हळूहळू हिंसेकडे वळतो. मंजूच्या मनात यश आणि अपराधीपणा शेजारी शेजारी नांदू लागतात. त्यातच जावेद अन्सारी हा सुखवस्तू घरातला, कविता करणारा, आत्मविश्वासाने वावरणारा मुलगा त्याच्या आयुष्यात येतो. तो स्वतः क्रिकेट सोडतो आणि मंजूलाही सोड म्हणतो. मंजूला त्याच्याविषयी वाटणारी ओढ केवळ मैत्रीची नाही, हे त्या मुलाला उमगते आणि त्याचीच त्याला भीती वाटते.

या कादंबरीचा अभ्यास कसा करावा? पहिले वाचन कथेसाठी करावे. दुसऱ्या वाचनास तीन प्रश्न घेऊन बसावे.

पहिला प्रश्न कराराचा. बाप, पारखी आणि धनिक यांच्यात जेव्हा जेव्हा बोलणे होते, तेव्हा मुलांना कोणी काही विचारते का? विद्यार्थ्याने असे प्रसंग वहीत टिपून काढावेत आणि प्रत्येकापुढे मुलगा काय म्हणाला ते लिहावे. पुष्कळ ठिकाणी जागा कोरी राहील. ती कोरी जागा हाच या पुस्तकाचा विषय आहे.

दुसरा प्रश्न बापाचा. मोहन कुमारला राक्षस म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि म्हणूनच ते टाळावे. गुणी माणसे मुंबईबाहेर नव्हती असे नाही. रणजी करंडक सलग पंधरा वर्षे स्वतःकडे राखणाऱ्या मुंबईचा पराभव 1974 साली उपांत्य सामन्यात झाला, तो बंगळूरच्याच मैदानावर, कर्नाटकाकडून. प्रसन्ना, चंद्रशेखर, विश्वनाथ हे त्याच संघाचे. पुढे कुंबळे आणि द्रविडही याच राज्याने दिले. तेव्हा खेड्यातून मुंबईस आलेल्या मोहन कुमारच्या वेडाचे मूळ क्रिकेटच्या ज्ञानात शोधू नये. जमीन नाही, शिक्षण नाही, ओळखपाळख नाही, अशा मनुष्याजवळ मुलांच्या देहाखेरीज दुसरे भांडवल काय असणार? तेच तो बाजारात मांडतो. त्याचे प्रेम आणि त्याचा जुलूम एकाच उगमातून वाहतात, हे ज्या विद्यार्थ्याला दिसले त्याला कादंबरी वाचता आली. बापाची कणव यावी, आणि तरीही त्याला क्षमा करू नये, अशा अवघड जागी लेखक वाचकाला आणून सोडतो.

तिसरा प्रश्न भावांचा. राधा आणि मंजू यांचे एकमेकांवर प्रेम नाही काय? निश्चित आहे. मंजूच्या लेखी राधा हाच खरा फलंदाज आहे. परंतु घरात क्रमांक लावले गेले, आणि एकाचा क्रमांक वर चढल्यावाचून दुसऱ्याचा राहू शकेना. मत्सर या मुलांच्या रक्तात नव्हता. तो त्यांच्या घरात शिकवला गेला.

हे दुसऱ्या बाजूने तपासून पाहावयाचे असेल तर उदाहरण दूर नाही. 1984 साली सचिन तेंडुलकरला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांकडे घेऊन गेला तो त्याचा थोरला भाऊ अजित. अजित स्वतः क्रिकेट खेळत असे. 16 नोव्हेंबर 2013 रोजी वानखेडे मैदानावर निरोप घेताना, भावाने आपल्यासाठी स्वतःच्या खेळावर पाणी सोडले, असे सचिनने सर्वांसमक्ष सांगितले. येथेही धाकटा पुढे गेला. पण त्याला पुढे जाऊ देणारा थोरलाच होता. त्या घरात कवी आणि प्राध्यापक असलेले रमेश तेंडुलकर हे वडील होते, आणि धाकट्याच्या यशावर थोरल्याचे अस्तित्व गहाण पडलेले नव्हते. मराठी मनाला याहून जुनी जोडी आठवेल ती निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेवांची. आईबापांचे छत्र गेलेली, समाजाने वाळीत टाकलेली ही मुले. परंपरेनुसार ज्ञानेश्वरी 1290 साली सिद्ध झाली, तेव्हा ज्ञानदेवांचे वय पंधराच्या आसपास होते आणि निवृत्तिनाथ त्यांच्याहून जेमतेम दोन वर्षांनी वडील. थोरला गुरू झाला, धाकट्याने ग्रंथ रचला. आणि धाकट्याची कीर्ती थोरल्याला कधी बोचली नाही. विपत्ती राधा-मंजूंहून अधिक होती. फरक इतकाच, की त्या दोघांची कोणी शर्यत लावली नव्हती.

असे पुस्तक कुमारांच्या हाती द्यावे काय, अशी शंका काही पालक घेतील. त्यात शिवराळ भाषा आहे, हिंसा आहे, आणि मंजू-जावेद यांच्या संबंधाचा नाजूक विषय आहे. शंका अगदीच अनाठायी नाही. वय आणि समज पाहूनच पुस्तक द्यावे आणि देणाऱ्याने ते आधी स्वतः वाचलेले असावे. परंतु त्या नाजूक विषयासाठी पुस्तक दडवून ठेवणे मात्र योग्य होणार नाही. प्रौढांमधील अशा खासगी संबंधांना गुन्हा मानणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी रद्द ठरविली. कायद्याने जे भय दूर केले, ते घराघरांतून दूर होण्यास वेळ लागेल. आणि वर्गातील एखादा मुलगा मंजूसारखाच आपल्या मनाला घाबरून गप्प बसलेला असेल, तर त्याला निदान एवढे कळेल, की आपण जगात एकटे नाही.

शिवाय हे पुस्तक खरे पाहता पालकांनीच प्रथम वाचावयास हवे. बंगळूरमध्ये आज किती घरांत मुलांच्या आयुष्याचा 'निवड-दिन' आधीच ठरलेला आहे! कोठे तो क्रिकेटचा आहे, कोठे अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेचा. पहाटे शिकवणी, दिवसा शाळा, संध्याकाळी पुन्हा शिकवणी. दोन भाऊ असतील तर जेवताना गुणांची तुलना. या घरांतील बाप चटणी विकीत नाहीत. ते सुशिक्षित आहेत, सुखवस्तू आहेत, मृदू बोलतात. परंतु मुलाला विचारल्यावाचून त्याच्या वतीने केलेला करार मोहन कुमारच्या घरी जितका जाचक, तितकाच तो सुखवस्तू घरीही असतो.

मंजूची निवड होते. तो जावेदच्या वाटेने न जाता क्रिकेटच पत्करतो. ज्याला जगाने यश म्हटले असते ते त्याच्या दाराशी येते. आणि काही वर्षांनंतरच्या अखेरच्या प्रकरणात लेखक त्या यशाचा हिशेब मांडतो. तो हिशेब येथे सांगणे उचित नाही, तो प्रत्येक वाचकाने स्वतः करावा. मात्र पुस्तक मिटताना एक गोष्ट ध्यानात येते. साऱ्या कादंबरीत राधा आणि मंजू यांना कोणी ना कोणी पारखत असते: बाप, पारखी, धनिक, निवड-समिती. त्या दोघांना तुम्हाला काय हवे, असे शांतपणे विचारणारा वडीलधारा मनुष्य शेवटपर्यंत भेटत नाही. वर्गातील शिक्षकाने आणि घरातील पालकाने ही कादंबरी वाचून झाल्यावर एवढा एक प्रश्न आपल्या मुलांना विचारला, आणि उत्तर येईपर्यंत वाट पाहिली, तरी तिच्या अभ्यासाचे सार्थक झाले असे म्हणावयास हरकत नाही.